आधी यजमान तुकडी शोधा
स्काउट तुकडीला परदेश सहलीत तिथली संस्कृती दाखवायची तर रोज किमान दोन संग्रहालयं हवीतच, असं या चर्चेत कुणी म्हटलंय, ते काही पटलं नाही. एखादं चांगलं जरूर दाखवा, पण पंधरा वर्षांची पोरं दुसऱ्या संग्रहालयात बाक शोधत फिरतात. चर्चेत अजून एक गोष्ट आलेलीच नाही: तिथल्या स्काउट तुकडीसोबत, म्हणजे यजमान तुकडीकडे, दोन दिवस राहणं. बऱ्याच देशांच्या राष्ट्रीय स्काउट संघटना परदेशी निघालेल्या आपल्या तुकडीला अधिकृत परिचयपत्र देतात. थेट कुणाला मेल टाकण्याआधी ते मागा, समोरचे विश्वासाने बोलतात. आमच्या मुलांची गट्टी जमली ती भांडी घासताना. एकाने साबणाच्या हातानेच दोरीची गाठ मारून दाखवली, तर यजमान मुलगा म्हणाला, आम्ही उलटी मारतो! मग तासभर भांडी तशीच.

यजमान मिळालाच नाही तर स्वित्झर्लंडमधलं कांडरस्टेग केंद्र बघा. १९२३ पासून ते जगभरच्या स्काउटांसाठी चालतं, आणि तिथली मूळ इमारत ल्योचबर्ग रेल्वे बोगद्याच्या कामगारांसाठी बांधलेली होती. एकाच आवारात कितीतरी देशांची मुलं भेटतात. मात्र उन्हाळ्यात गर्दी फार, त्यामुळे विमानाची तिकिटं काढण्याआधी तिथली जागा पक्की करा. यजमान तुकडीलाही तारखा लवकर कळवा, त्यांच्या मुलांच्याही परीक्षा असतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतीपत्र कोणत्या नमुन्यात लागतं, ते त्या देशाच्या दूतावासाकडूनच विचारून घ्या.