शिलाई मशीनचा फुटलेला गिअर थ्रीडी प्रिंटरवर करून मिळेल का?

चिपळूणकरीण:
आईची झिगझॅगची मशीन आहे माझ्याकडे, मामाने दुबईहून आणलेली. २०२१च्या पुरात दोन दिवस पाण्याखाली होती. मोटर रिवाइंड केली, बाकी सगळं रॉकेलने धुतलं, आणि बाई परत चालू लागली. आता मात्र आतला प्लास्टिकचा गिअर चिरलाय, तीन दात गेलेत. दुकानदार म्हणतो, ''ताई, पार्ट येत नाही, नवीन घ्या.'' भाचा म्हणतो, थ्रीडी प्रिंटरवर कर. मला प्रिंटर म्हटलं की झेरॉक्सवालाच आठवतो. वस्तू छापतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि पहिल्याच जीन्सच्या पायाला तो गिअर उडणार नाही ना?

घाटावरचा गणू:
नाद सोडा. पुतण्याने मोबाइलचा स्टँड छापून दिला होता. डॅशबोर्डवर ठेवला, दुपारी येऊन बघतो तर स्टँड साष्टांग नमस्कार घालतोय.

लाकडी पॅटर्न:
गणूभाऊ, तो स्टँड पीएलएचा असणार. मक्यासारख्या पिठूळ पिकांपासून करतात ते प्लास्टिक. छापायला सगळ्यात सोपं, पण ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. त्यात प्रिंटरचा काय दोष?

ताई, मी कोल्हापूरचा. तीस वर्षं फाउंड्र्यांसाठी सागवानाचे पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून धातू ओतायचा साचा घेतात ते लाकडी नमुने. मुलाने प्रिंटर आणला तेव्हा मीही गणूभाऊंसारखाच हसलो होतो. आज माझ्या लाकडाच्या लेथच्या जागी तेच मशीन बसलंय.

जिलेबीवाल्याचा हात डोळ्यांपुढे आणा. हात फिरतो तशी पिठाची धार कढईत पडते. आता समजा त्याच जिलेबीवर, बरोबर त्याच रेषेवर, दुसरी घातली, मग तिसरी, आणि प्रत्येक खालच्या जिलेबीला चिकटत गेली. झाली की उभी वस्तू! इथे पिठाऐवजी १.७५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार असते, रिळावर गुंडाळलेली. ती २०० अंशाच्या पुढे तापून ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येते. एक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा. म्हणजे तुमचा गिअर १२ मिलिमीटर जाड असेल तर ६० थर. गिअरचं कॉम्प्युटरमधलं चित्र असतं, त्याचे असे पातळ काप करायचे आणि कुठल्या थरात हात कुठून कुठे फिरवायचा ते मशीनला सांगायचं, एवढं काम स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर करतं.

आता टिकण्याचं. लाकडाला रेषा असतात हे सुताराला शिकवावं लागत नाही. छापलेल्या प्लास्टिकलाही रेषा असतात, हे मात्र लोक विसरतात. थर एकमेकांना चिकटलेले असतात, एकजीव नसतात. गिअर उभा करून छापला तर काही दात खपलीसारखे थरावरून सुटतात. आडवा, चकतीसारखा झोपवून छापला तर दाताचा जोर थरांच्या आडव्या धाग्यांवर येतो. माझ्याकडे येणाऱ्या फुटक्या छापील वस्तूंतल्या निम्म्याअधिक चुकीच्या बाजूने छापलेल्या असतात.

प्लास्टिक नायलॉनच हवं. चिवट असतं आणि घासलं तरी लवकर झिजत नाही. एकच खोड, हवेतला ओलावा पितं. तुमच्या चिपळुणात जुलैमध्ये रीळ उघडं ठेवलं तर छापताना तडतड ऐकू येईल आणि थर भुसभुशीत पडतील. आधी तासन्‌तास कोरड्या गरम हवेत वाळवावं लागतं.

आता सांगा, दात सरळ आहेत का तिरपे?

दातांची लॅब (पुणे):
काकांनी सांगितला तो तारेचा प्रकार. आमच्या लॅबमध्ये रेझिनचा चालतो. द्रवाने भरलेलं तबक असतं, त्यावर ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश पडतो आणि जिथे पडेल तिथे द्रव घट्ट होतो. पेशंटच्या जबड्याचं मॉडेल त्यातून काढतो. दात सरळ करायचे पारदर्शक अलाइनर अशाच मॉडेलवर प्लास्टिकचा पातळ पत्रा दाबून बनतात. कानाच्या मापाने केलेल्या श्रवणयंत्राचं कवचही आता असंच छापतात. बारकावा अप्रतिम, पण ताई, साध्या रेझिनचा गिअर करून घेऊ नका. काचेसारखा तुटेल. आणि कच्च्या रेझिनला उघडा हात लावायचा नाही.

घाटावरचा गणू:
मग बंगळुरूत पोस्ट ऑफिस छापलं म्हणतात ते?

लाकडी पॅटर्न:
तेही हेच, फक्त जिलेबी काँक्रीटची. २०२३ला उघडलं, १,०२१ चौरस फूट, एल अँड टीने बांधलं. आणि ३० मे २०२४ला श्रीहरिकोटाहून अग्निकुल कंपनीचं रॉकेट उडालं, त्याचं इंजिन अखंड एका तुकड्यात छापलेलं होतं. तिथे मात्र तार नाही, धातूची पावडर लेझरने वितळवत थर चढवतात.

चिपळूणकरीण:
काका, दात तिरपे आहेत. काही अडेल का?

लाकडी पॅटर्न:
अडत नाही, डोकं जास्त लागतं. सरळ दातांच्या साध्या गिअरला सोपं असतं: दातांच्या संख्येत दोन मिळवा आणि त्याने बाहेरच्या व्यासाला भागा, की मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप मिळतं. २४ दात आणि २६ मिलिमीटर व्यास असेल तर मॉड्यूल १, विषय संपला. तिरप्याला कोनही लागतो. गिअरच्या दातांना स्टॅम्प पॅडची शाई लावा आणि कागदावर पट्टीच्या कडेने सरळ लोळवा. तिरप्या रेघा उमटतील. (बघा, शेवटी छापावंच लागलं.) रेघांवरून बाहेरच्या घेरावरचा कोन मिळतो, तो किंचित जास्त भरतो, ते मी हिशोबात घेतो. छाप उलटा उमटतो, म्हणून गिअरचा फोटोही पाठवा. माझा पहिला तिरपा गिअर आरशातला निघाला होता. दिवसभर मुलाने तोंड लपवून हसून घेतलं.

फुटलेले तुकडेही एसटी पार्सलने पाठवा. भोक मी व्हर्नियरने मोजेन. छापलेलं भोक बहुतेक वेळा मापापेक्षा लहान येतं. ओतीव लोखंडही गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची फूटपट्टीच वेगळी असते. सवय आहे आम्हाला.

चिपळूणकरीण:
गिअर मिळाला. दोन पाठवलेत ते बरं झालं, पहिला शाफ्टवर चढेना, दुसरा अंगठ्याने दाबून बसला. काल जीन्सच्या चार पदरांवर झिगझॅग मारली. जुन्यापेक्षा आवाज थोडा जास्त येतोय, सुं सुं. ग्रीस लावू का? कोणतं?

लाकडी पॅटर्न:
पांढरं लिथियम ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल तेवढंच. आठवड्याभराने झाकण उघडून दातांवर पांढरी भुकटी दिसते का बघा. दिसली तर शाफ्टचं अंतर चुकलंय, मला फोटो टाका. आणि न चढणारा गिअर टाकून देऊ नका, बारीक गोल कानसीने भोक वाढवून डब्यात ठेवा.