मॅमोग्राफी केली का? नसेल तर काहून नाही?

आमच्या धंतोलीच्या भिशीत परवा विषय निघाला. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, शुगर-बीपी वेळच्या वेळी तपासणाऱ्या; मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, मात्र एकीचीच. बाकीच्या म्हणे, "आमच्या घराण्यात कोणाला नाही." अहो, स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या घराण्यात तो कोणालाच नसतो! केली, टाळली, दारातून परत आलात, सगळं लिहा. हळदीचे काढे नकोत.

सक्करदऱ्याची सून
मी टाळणारी. गाठ नाही, दुखत नाही, मग काहून जायचं? सासूबाई म्हणतात, शोधाल तर सापडेल. हसू नका, मलाही तसंच वाटते.

उमरेड रोड
माझी गाठ दुखतच नव्हती वं. आंघोळीत हाताला लागली, वाटाण्याएवढी. हे म्हणे, दिवाळी होऊ दे. मी त्याच हप्त्यात गेली. ऑपरेशन झालं, किमो झाली, केसही परत आले.

एक्स-रेवाली
मी मॅमोग्राफी काढते. पहिला प्रश्न ठरलेला: आत बाईच आहे ना? दोन प्लेटांमध्ये स्तन दाबतो, काही सेकंद. दुखते, खोटं काहून बोलू? पाळी येऊन गेल्यावरच्या आठवड्यात या, त्रास कमी होतो. काखेत पावडर, डिओ नको. फोटोत त्याचे ठिपके कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात, आणि तसे कण कधी कधी कॅन्सरची खूण असतात.

त्रिमूर्तीनगर
रिपोर्टवर 'बायरॅड्स ४' वाचलं आणि मी चौथी स्टेज समजून जिन्यातच बसली. भावाला फोन, रडारड. डॉक्टर म्हणाले, ही स्टेज नाही, संशय किती ते सांगणारा आकडा आहे. सुईनं तुकडा काढून बघू. साधी गाठ निघाली. कागद हातात ठेवताना एवढं सांगायला काय जाते?

काटोलची नर्स
खेड्यात मशीन कुठून आणता? मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला. शिकवलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांचे या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. सरकारी केंद्रातही तिशीनंतर अशी तपासणी होते. गाठ लागली की पुढे पाठवतो.

सक्करदऱ्याची सून
हाताची तपासणी चालेल मला. सासूबाईंनाही आणू का? त्या एकाहत्तरच्या आहेत.

काटोलची नर्स
आणा जी. त्यांना आधी.