मदत हवी आहे: चेहऱ्याच्या कळांवर मायग्रेनचं इंजेक्शन चालेल का?

फोंडेकर: नमस्कार मंडळी. आईचं वय ६४. ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या दुखण्याचं, निदान झालंय. उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंदच. पण दात घासताना, चावताना, स्कूटरवर वारा लागला तरी. त्यावर कार्बामाझेपिनची गोळी चालू आहे, २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तीन आठवडे बरे गेले, आता कळा परत सुरू. नातेवाईक म्हणतात, मायग्रेनचं एरेनुमॅब इंजेक्शन देऊन बघा. त्याला काही आधार आहे? एमआरआय अजून केलेला नाही.

मांडवीकाठ: कल्पना चुकीची नव्हती. मायग्रेनमध्ये याच ट्रायजेमिनल नसेतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं, एरेनुमॅब त्याचा रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं ती जागा, अडवतं. सुरुवातीच्या छोट्या नोंदींत बऱ्याच रुग्णांना आराम दिसला होता. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि हा आजार मधूनच आपोआप शांत होतो.

मग डेन्मार्कमध्ये नीट चाचणी झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ८० रुग्ण, निम्म्यांना १४० मिलिग्रॅमचा एक डोस, निम्म्यांना प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. चार आठवड्यांनी वेदना किमान ३०% कमी झालेले रुग्ण एरेनुमॅबच्या गटात ३५%, प्लॅसिबोच्या गटात ४५%. म्हणजे उपयोग दिसला नाही, बद्धकोष्ठ मात्र झाला. त्यामुळे या इंजेक्शनवर पैसे घालू नका.

तीन आठवड्यांनी कळ परतली, याचं एक ठरलेलं कारण आहे. कार्बामाझेपिन स्वतःलाच मोडणारी यकृतातली एन्झाइम्स वाढवतं. तीन ते पाच आठवड्यांत तोच डोस रक्तात कमी पडतो. औषध निकामी झालेलं नसतं. पुष्कळांना ६०० ते १२०० मिलिग्रॅम लागतात, पण वाढ डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने करायची. आधी रक्तातलं सोडियम, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताची तपासणी. अचानक बंद करू नका. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड यांतलं काही दिसलं तर मात्र वाट न पाहता इमर्जन्सीत न्या.

फोंडेकर: मायग्रेनच्या रिमेजेपँट गोळ्यांचं काय? आणि आईला बीपीची गोळी आहे, लघवी वाढवणारी.

मांडवीकाठ: रिमेजेपँट नकोच. कार्बामाझेपिन त्याची रक्तातली पातळी पाडतं, म्हणून दोन्ही एकत्र देत नाहीत. बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना आधी सांगा. ती थायझाइड प्रकारची असेल तर ती आणि कार्बामाझेपिन मिळून रक्तातलं सोडियम घसरतं. म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तोल जातो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहिलं तर कार्बामाझेपिनची रक्तातली पातळी चढते.

सांतइनेजकर: एमआरआय टाळू नका. साधा ब्रेन एमआरआय पुरत नाही. नस आणि रक्तवाहिनी वेगळ्या दिसतील असा पातळ कापांचा सिक्वेन्स, सीआयएसएस किंवा फिएस्टा, चिठ्ठीवर लिहून घ्या. गाठ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) हेही एमआरआयमध्येच पाहिले जातात. नसेवर रक्तवाहिनी दाबत असेल आणि गोळ्या पुरत नसतील, तर ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करायची मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन ही शस्त्रक्रिया आहे. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरॉलॉजी ओपीडीत जाताना आठवडाभराची वही न्या: किती कळा, कशाने सुरू झाल्या, गोळी किती वाजता.