सिडनी, जानेवारी १९९२

ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिन फिरकी गोलंदाज शेन वॉर्न २०२२ मध्ये गेला, तेव्हा सगळ्यांना त्याने इंग्लंडच्या माइक गॅटिंगचा त्रिफळा उडवलेला तो चेंडू आणि शारजात त्याला झोडपणारा सचिन आठवला, ते साहजिकच आहे. मला त्याची पहिली कसोटी आठवते. सिडनी, जानेवारी १९९२. आपल्या रवी शास्त्रीच्या २०६, सचिनच्या नाबाद १४८, आणि या गुबगुबीत सोनेरी केसांच्या पोराला १५० धावांत एकच बळी: शास्त्री, झेल डीन जोन्स. तिथून थेट ७०८ कसोटी बळी! एवढा मार खाऊनही चेंडूला उंची देत राहायला काळीज लागतं. घाबरून सपाट टाकायला लागलेले लेगस्पिनर आपण खूप पाहिलेत.

तो झेल घेणारा जोन्सही २०२० मध्ये मुंबईत असाच अचानक गेला. मग वॉर्न, अवघ्या ५२ व्या वर्षी, तेही ऑस्ट्रेलियाचा जुना यष्टिरक्षक रॉड मार्शला श्रद्धांजली वाहून काही तास होतात न होतात तोच. पटतच नाही हो.

आणि २००८ ची आयपीएल! कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या राजस्थानला, युसूफ पठाण आणि कोवळ्या जडेजावर विश्वास टाकत, त्याने नवी मुंबईत चषक जिंकून दिला. अशा माणसाला ऑस्ट्रेलियाने एकाही कसोटीत कर्णधार केलं नाही, याची आज फार हळहळ वाटते.