फाउंड्रीतून बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये जायचंय: कोल्हापुरातच सुरुवात करू की पुणे गाठू?

शिरोली_मेकॅनिकल:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकलची डिग्री झाल्यावर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला लागलो. सँड प्लांट, ब्लोअर, धूळ ओढणारी डक्टिंग (हवेचे पत्र्याचे मार्ग), कॉम्प्रेसर, सगळं बघतो. मध्यंतरी आमच्या ऑफिसचा नवा मजला झाला. एसीवाल्यांच्या पाठीमागं मलाच उभं केलं होतं, आणि ते काम मला आवडलं. आता एसी, व्हेंटिलेशन, प्लंबिंग, फायर या लाइनीत प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय. दोन ऑफर आहेत. पुण्यात मोठ्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर, पगार बरा. दुसरी इथंच राजारामपुरीत, एका लहान एचव्हीएसी (एसी-व्हेंटिलेशन) कॉन्ट्रॅक्टरकडं साइट इंजिनिअर, पगार आत्तापेक्षा दोन हजारांनी कमी. घरचे म्हणतात पुण्याला जा. मित्र म्हणतो आधी पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा, कर. काय करू?

हिंजवडी_रिटर्न:
डोळे झाकून पुणे. प्रायमावेरा (शेड्यूलचं सॉफ्टवेअर) हाताखालून जाईल, मोठी साइट बघशील, बायोडेटा वजनदार होईल. लहान कॉन्ट्रॅक्टरकडं साइट इंजिनिअर तूच, स्टोअरकीपर तूच आणि क्लायंट आला की चहा सांगणारा पण तूच. पीएमपीचं म्हणशील तर मित्राला नियम वाचायला सांग. डिग्रीवाल्याला ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, त्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. फारच हौस असेल तर सीएपीएम ही त्याच्या आधीची परीक्षा दे, त्याला अनुभव लागत नाही.

डक्टवाले_काका:
पीएमपीचं बरोबर. पुण्याचं मला पटत नाही.

मी याच धंद्यात केस पांढरे केलेत. पुणे-बेंगळुरू करून परत आलो, आता इथली हॉस्पिटलं आणि इचलकरंजीकडच्या सूतगिरण्यांचे हवा दमट ठेवणारे ह्युमिडिफिकेशन प्लांट बघतो. प्लॅनिंगमधून आलेली पोरं वेळापत्रकाचे बार चार्ट झकास काढतात. पण 'डक्टिंग' या पट्टीच्या आधी साइटवर काय काय झालेलं पाहिजे असं विचारलं की छताकडं बघतात.

छताकडं बघणं तसं बरोबरच आहे म्हणा, कारण आमचं निम्मं मॅनेजमेंट फॉल्स सीलिंगच्या वर असतं. हिशेब कर. मजल्याची उंची ३.३ मीटर. स्लॅबसकट बीम ६०० मिमी. आर्किटेक्टला सीलिंग २.४ मीटरवर पाहिजे. बीमखाली राहिले ३०० मिमी. त्यात २५० ची डक्ट, वर-खाली २५-२५ चं इन्सुलेशन. संपली जागा! आता स्प्रिंकलरची लाइन, केबल ट्रे, मेडिकल गॅस आणि एसीचा ड्रेन कुठनं नेणार? ड्रेनला शंभरास एक उतार धरला तरी १० मीटरला १०० मिमी खाली येतो. म्हणून जागेचा पहिला मान ड्रेनचा, पाणी कुणाचं ऐकत नाही. मग डक्ट, मग प्रेशरचे पाइप, शेवटी केबल, कारण ती वळवता येते. ही भांडणं शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे साइटवर काम करायच्या नकाशावर, उरकायची असतात. नाहीतर जो आधी साइटवर येतो तो मधोमध ट्रे ठोकून मोकळा होतो, आणि डक्टवाला बसतो बोंबलत.

क्रमाचंही तसंच. स्लॅब पडायच्या आधी स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला भोकं ठेवणाऱ्या नळ्या, बसल्या पाहिजेत. एका कामावर सिव्हिलवाल्यांनी आमची वाट न बघता रात्रीत स्लॅब ओतला, पुढं कोअर कटिंगची मशीन लावून भोकं पाडावी लागली आणि बिल कुणी भरायचं यावर मीटिंगा झाल्या. चिल्ड वॉटरच्या, म्हणजे एसीच्या गार पाण्याच्या, पाइपला वर्किंग प्रेशरच्या दीडपट प्रेशरनं टेस्ट घ्यायची, ती पास झाल्याशिवाय इन्सुलेशन नाही, आणि इन्सुलेशन बघितल्याशिवाय सीलिंग बंद करू द्यायचं नाही. शेवटी सगळं तयार होतं आणि महावितरणचं कायमचं कनेक्शन आलेलं नसतं. तात्पुरत्या मीटरवर ते पाणी गार करणारा चिलर कसा चालू करणार?

लहान कॉन्ट्रॅक्टरकडं हॉस्पिटलचं एक ओटी (ऑपरेशन थिएटर) सुरुवातीपासून हँडओव्हरपर्यंत कर. सहा बाय सहाचं, तीन मीटर उंच ओटी म्हणजे १०८ घनमीटर. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचची मार्गदर्शिका तासाला किमान २० वेळा हवा बदला म्हणते, म्हणजे २१६० घनमीटर, साधारण १२७० सीएफएम (मिनिटाला घनफूट). हा आकडा तू काढणार, त्यावर एएचयू (हवा गार करून सोडणारं युनिट) मागवणार, अगदी बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर बसवणार, आणि शेवटी ओटीत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब राहतोय हे डॉक्टरांसमोर मोजून दाखवणार. पुण्याच्या मोठ्या साइटवर यातला एक तुकडाच तुझ्या वाट्याला येईल.

आपल्या गावची आणखी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय ना? शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी कुठवर आलं होतं? मग पंचगंगेच्या बाजूच्या कामात पॅनल, पंप आणि जनरेटर बेसमेंटला दाखवले असतील तर पहिल्याच मीटिंगला हात वर करायचा. आणि गच्चीवरचं पाइपिंग आणि त्यावरचं पत्र्याचं क्लॅडिंग मे अखेर आवरायचं. जूननंतर कोल्हापूरचा पाऊस तुझं शेड्यूल विचारत बसणार नाही.

फाउंड्रीतला अनुभव कमी समजू नको. सुट्टीच्या दिवशी शटडाउन घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला प्लांट चालू करून देतोस ना? ते प्रोजेक्ट मॅनेजमेंटच आहे.

बिलिंग_ताई:
काकांनी पैशाचं सांगितलंच नाही. मी क्वांटिटी बघते. डक्ट चौरस मीटरवर मोजतात, आणि सीलिंग बंद झाल्यावर मोजता येत नाही. आठवड्याच्या आठवड्याला क्लायंटच्या माणसाला शिडीवर चढवून जॉइंट मेजरमेंट घे, सही घे, फोटो काढ. बीओक्यूत (करारातल्या कामांच्या यादीत) नसलेलं काम कुणी तोंडी सांगितलं तर त्याच संध्याकाळी मेल टाक. साइट सुंदर आणि आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) अडकलेलं, असे मॅनेजर मी खूप बघितलेत. लहान मालकाचं एक बिल थांबलं तरी पोरांचा पगार थांबतो, म्हणून तिथं हे लवकर शिकशील.

शिरोली_मेकॅनिकल:
काका, ताई, आभारी आहे. घरी अजून पटलेलं नाही, पण उद्या राजारामपुरीत भेटायला जातोय. त्यांना काय विचारू?

डक्टवाले_काका:
सध्या कुठली कामं चालू आहेत ते विचार आणि एक साइट दाखवा म्हण. शॉप ड्रॉइंग ऑफिसात काढतात की बाहेरनं करून घेतात? हवा मोजायला अॅनिमोमीटर स्वतःचा आहे का? पीएफ भरतात का, आणि पगार कितव्या तारखेला? साइट दाखवायला काचकूच केली तर खुशाल पुण्याला जा, मी काही म्हणणार नाही. घेतलंच तर सहा महिन्यांनी पगार वाढवायचं आत्ताच ऑफर लेटरमध्ये लिहून घे.

हिंजवडी_रिटर्न:
आणि दोन हजार कमी घेऊ नको रे. पेट्रोल वेगळं माग, साइटच्या फेऱ्या तुझ्याच गाडीवर होणार आहेत.