आमंत्रण की निमंत्रण? आणि ‘सेव्ह द डेट’ला काय म्हणायचं?

कोथरूडच्या काकू: मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. अप्पा बळवंत चौकातून पत्रिकांचे नमुने आणले, कागद पसंत पडला, गाडी अडलीय मजकुरावर. मी ‘आग्रहाचे आमंत्रण’ लिहिलं. मोठे दीर म्हणाले, “आमंत्रण व्याख्यानाचं असतं, लग्नाचं निमंत्रण.” खरंच फरक आहे का? शिवाय मुलीला पत्रिकेआधी ‘सेव्ह द डेट’ पाठवायचंय, तेही मराठीत. सुचवा.

व्याकरणवेडा: संस्कृतापुरते दीर बरोबर आहेत. विधिलिङ् (‘यावे’, ‘करावे’ अशा अर्थाचं क्रियापदाचं रूप) कुठे वापरावा हे सांगणाऱ्या पाणिनीच्या सूत्रात (३.३.१६१) निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन वेगळे अर्थ धरले आहेत. टीकाकारांनी फोड केलीय: निमंत्रण म्हणजे नियोग, टाळता येत नाही, उदाहरण, श्राद्धाच्या जेवणाला मुलीच्या मुलाला बोलावणं. आमंत्रण म्हणजे कामचार, वाटलं तर या. आता लग्नाच्या पत्रिकेवरून श्राद्ध आठवायचं का, हे दिरांना विचारा.

माणदेशी, मुक्काम हडपसर: आमच्याकडं दोन्ही नाही, आवतण. आणि हा शब्द आमंत्रणाचाच झिजून झालाय. पण ‘वाटलं तर या’ असं त्यात काहीच नाही हो! एका घरचं आवतण चुकलं तर भावकी वर्षभर तोंड फिरवते. तुमचा पाणिनी आमच्या गावाला आला नव्हता.

व्याकरणवेडा: हे पटलं. मराठीनं तो भेद कधी पाळलेलाच दिसत नाही. ‘नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आमंत्रण समजून अगत्य यावे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. सक्ती ‘अगत्य’मध्ये आहे, ‘नि’ की ‘आ’ यात नाही.

प्रूफवाला: नारायण पेठेत आयुष्य पत्रिका छापण्यात गेलं. काकू, शब्द कोणताही घ्या, पण घरच्यांना निमंत्रण आणि ऑफिसला आमंत्रण असले दोन मजकूर करू नका. दोन मजकूर म्हणजे दोन प्लेटा, खर्च वाढतो. आणि ‘सौ. कां.’वरचा अनुस्वार तपासा. सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी. टिंब हमखास गळतं, आणि ते लक्षात येतं पत्रिका वाटून झाल्यावर, आत्याबाईंच्या.

जुनं पाकीट: आजीच्या पत्रिकेत चक्क ‘यांचा शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ असं आहे. तेव्हा त्याचा अर्थ सरळ विवाह. माझी नात ती पत्रिका मैत्रिणींना दाखवून हसत बसते. पाकिटाची झाप न चिकटवता बुकपोस्टानं स्वस्तात जायची ती. म्हणजे हा मजकूर पोस्टमनसकट सगळ्यांना खुला!

कोथरूडच्या काकू: माझं ‘सेव्ह द डेट’ राहिलं की.

जुनं पाकीट: ‘वर्दी’ हा नेमका शब्द होता, आगाऊ खबर या अर्थी. पण आता वर्दी म्हटलं की पोलीसच दिसतो.

माणदेशी, मुक्काम हडपसर: ‘तारीख राखून ठेवा’ नको. रेल्वेचा डबा वाटतो.

प्रूफवाला: मग ‘तारीख मोकळी ठेवा, पत्रिका मागाहून येतेच आहे’ करा. बोलताना आपण हेच म्हणतो. हल्ली आरएसव्हीपीही छापून मागतात. मी विचारतो, मराठीत काय लिहू? गिऱ्हाईक गप्प. लग्नाला येणार का, हे आपल्याकडं पत्रिकेतून विचारायची पद्धतच नव्हती, म्हणून शब्द नाही. केटररला मात्र आकडा लागतो, आणि तो माणसं मोजत नाही, पानं मोजतो. “किती पानं धरू?” तेच वापरा: ‘पानांचा अंदाज यावा म्हणून अमुक तारखेपर्यंत कळवावे’. एकाच्या पत्रिकेत छापलं होतं. फोन आले, पण बहुतेक “पत्रिका सुंदर आहे” एवढं सांगायला.

व्याकरणवेडा: काकू, पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवाल ना? त्यालाही ‘पानांचा अंदाज’ विचारणार?

कोथरूडच्या काकू: त्याच्या पत्रिकेत ती चिठ्ठी घालणार नाही. पानांची ओळ वेगळ्या चिठ्ठीवर, ‘तारीख मोकळी ठेवा’ मोबाइलवर, असं ठरलं. आमंत्रणाचंही सुटलं. व्याही इंदापूरचे, त्यांनी फोनवर विचारलं, “आवतण कधी छापताय?” दिरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, “छापा काय छापायचं ते.”