आम्ल पीएचला प्रोटिओरोडॉप्सिन उलटं पंप करतं का?

बडोदा_बायोकेम
ई. कोलायमध्ये हिरवं प्रोटिओरोडॉप्सिन (प्रकाशावर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलणारं जीवाणूंचं प्रथिन) तयार करून, रेटिनल (प्रकाश शोषणारा रेणू) घालून, प्रकाशात बाहेरचा पीएच मोजायचा आहे. पेशी बफरशिवाय धुतल्या आहेत: १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. ७.५ ला दिवा लावताच पीएच उतरतो आणि १० मायक्रोमोलर सीसीसीपीने (पडद्यातून प्रोटॉन मोकळे जाऊ देणारं संयुग) उतार थांबतो. ५.५ वर आणलं की आलेख सपाट, कधी किंचित वर. प्रोटॉन आत येतायत, की प्रथिन बिघडलं? दुपारी लॅब ३५ अंशांच्या खाली येत नाही, त्याचाही संबंध असेल का?

जांभळा_पडदा
प्रथिन बिघडलेलं नाही. रेटिनल लायसिन २३१ ला (साखळीतलं २३१ वं अमिनो आम्ल) शिफ बेसने, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाने, जोडलेलं असतं. प्रकाशाने ते ऑल-ट्रान्सचं १३-सिस झालं की शिफ बेसचा प्रोटॉन अ‍ॅस्पार्टेट ९७ कडे जातो आणि आतल्या बाजूने ग्लुटामेट १०८ नवा देतो. ९७ चा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या जागांवर प्रोटॉन असतो) साधारण ७.५ आहे, म्हणजे अ‍ॅस्पार्टेटसाठी फारच वर. शेजारच्या हिस्टिडिन ७५ चा त्यात मोठा वाटा. आता हिशोब करा: ६.५ ला ९७ वरची सुमारे ९ टक्केच जागा रिकामी, ५.५ ला जेमतेम १ टक्का. प्रोटॉन घ्यायला कोणीच नाही, मग पंप चालणार कशावर?

रंग बघा. अल्कलीत शोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपास, आम्लात ५४५ कडे सरकतं. सरकलं आणि उंची टिकली, तर प्रथिन शाबूत आहे.

बॅक्टेरिओरोडॉप्सिन या त्याच कुळातल्या पंपात हेच काम अ‍ॅस्पार्टेट ८५ करतं, पीकेए सुमारे २.५, म्हणून ते ५ ला निवांत चालतं आणि ३ च्या खाली जांभळ्याचं निळं होतं. तिथे एक फसवी गोष्ट आहे. ५.८ च्या खाली प्रोटॉन आधी आतून घेतला जातो आणि बाहेर नंतर सोडला जातो. क्रम उलटतो, दिशा नाही. पीएच दाखवणाऱ्या रंगद्रव्याने वेळ मोजणारे इथे हमखास गोंधळतात. बरं, त्यातल्या पायरानिनचा पीकेए ७.२ च्या आसपास, ते ५ ला वापरूच नका; ब्रोमोक्रेसॉल ग्रीन घ्या.

मीटरवाला
तुमची लॅब ३५ ला असली तरी चालेल, ती तिथे स्थिर हवी. दिव्याने सस्पेन्शन तापलं तर इलेक्ट्रोडचा उतार (दर पीएच एककामागचं व्होल्टेज) अंशाला ०.२ मिलिव्होल्ट प्रति पीएच एकक बदलतो. ७ ला ही चूक शून्याजवळ असते. ५ ला मात्र दर अंशामागे सुमारे ०.००७ पीएचची खोटी घट दिसते. म्हणजे आम्लात दिसलेल्या पीएचच्या छोट्या घटीला लगेच पंप म्हणू नका. पाण्याचं जॅकेट, दिव्यापुढे उष्णतारोधक फिल्टर आणि इलेक्ट्रोडच्या चांदीच्या तारेवर उजेड पडू नये म्हणून काळी टेप, एवढं तरी कराच.

दुसरं, पेशीच्या भिंतीवरचे कार्बॉक्सिल गट ५ च्या आसपास भरपूर प्रोटॉन गिळतात. पीएचच्या फरकाची थेट तुलना निरर्थक. प्रत्येक पीएचला अंधारात १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५ मायक्रोलिटर, म्हणजे ५० नॅनोमोल, टाकून उडी मोजा आणि आकडे नॅनोमोलमध्ये मांडा.

बडोदा_बायोकेम
आणि तो किंचित वर जाणारा आलेख?

जांभळा_पडदा
ई. कोलाय आतला पीएच ७.५ जवळ धरून ठेवतो. बाहेर ५.५ असला की प्रोटॉन गळून आत जातात आणि बाहेरचा पीएच अंधारातही चढतो. सीसीसीपी घातल्यावर तर आणखी जोरात. म्हणून ते घातल्यावर रेषा पूर्ण सपाट होऊ द्या, मगच दिवा. दिव्याआधीचा चढ वजा केल्याशिवाय काही बोलू नये.

उलट्या दिशेचा दावा २००२ साली विद्युतप्रवाहाच्या मोजणीवरून झाला होता. २००३ साली दुसऱ्या गटाला आम्लात वहनच दिसलं नाही. मला दुसरी बाजू पटते, कारण ९७ वरची जागा भरलेली असताना आतल्या दिशेने ढकलणारी यंत्रणा दाखवणं अवघड जातं. झेनोरोडॉप्सिनं, म्हणजे याच कुळातली दुसरी प्रथिनं, निसर्गतःच आत पंप करतात, पण त्यांची रचना वेगळी.

तुमच्यापुरता उपाय: ९७ ला अ‍ॅस्पार्टेटच्या जागी अ‍ॅस्पॅराजिन घातलेलं उत्परिवर्ती प्रथिन त्याच दिवशी, त्याच पेशी-घनतेला चालवा. त्यातही तोच किंचित चढ आला, तर तो पंपाचा नाही.

मीटरवाला
उत्परिवर्तीलाही रेटिनल तेवढंच घाला, पेशी गुलाबी-लाल झाल्यात का बघा. नाहीतर दोन नळ्यांत प्रकाशच वेगवेगळा शोषला जाईल.